भयपटाचा वाढदिवस नेमका कुठला धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर दर महिन्याला एक भयकथा वाचायची किंवा एक भयपट दाखवायचा बेत आहे, आणि जमेल तितकं ते त्या-त्या कलाकृतीच्या वर्धापनदिनाच्या आसपास करायचं आहे. पण यादी करायला बसलं की एकेका नावापुढे दोन-दोन, तीन-तीन तारखा सापडतात. त्यातली कुठली धरायची?

फिल्म सोसायटीच्या कार्यक्रमांची अशी आखणी मी वीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे. अनुभवावरून सांगतो, आधी तारखेच्या मागे लागू नका. लोकांनी ती गोष्ट पहिल्यांदा वाचली किंवा पाहिली तेव्हा त्यांच्यापुढे नेमकं काय होतं, ते शोधा. पुस्तकाची कुठली आवृत्ती होती, चित्रपटाची कुठली प्रिंट होती, त्यातलं काय कापलेलं होतं, ती किती वेगाने चालवली होती. सेन्सॉरची कात्री, कोर्टकज्जे आणि निव्वळ निष्काळजीपणा यांचा मार भयपटांनी भरपूर खाल्ला आहे, त्यामुळे आज आपण जे बघतो ते त्या दिवशी लोकांनी पाहिलेलं असेलच असं नाही. हे एकदा कळलं की तारखेचा गुंता बराचसा सुटतो, आणि कार्यक्रमाआधी बोलायला विषयही मिळतो.

‘नोस्फेराटू’पासून सुरुवात करतो, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा हा जर्मन मूकपट. ४ मार्च १९२२ रोजी तो बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी दालनात निमंत्रितांना दाखवला गेला. त्या संध्याकाळला ‘नोस्फेराटूचा उत्सव’ असं नाव दिलं होतं आणि पाहुण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला पेहराव करून यावं अशी अपेक्षा होती. चित्रपटगृहात तो लागला १५ मार्चला. दोन्ही तारखा खऱ्याच आहेत. मी १५ मार्च धरतो, कारण त्या दिवशी तिकीट काढून आलेला, काहीच माहीत नसलेला माणूस अंधारात बसला होता. भयपटाची खरी गाठ पडते ती त्याच्याशी.

आता ठेच कशी लागली ते सांगतो. आम्ही हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला तेव्हा मिळालेली प्रत साधी कृष्णधवल होती आणि जरा जास्तच वेगाने पळत होती. चित्रपटातला पिशाच्च काउंट ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखेत मारून निर्मनुष्य रस्त्याने चालला आहे, असा त्यात एक प्रसंग आहे. पडद्यावर लख्ख ऊन पडलेलं, भिंतींवर सावल्या ठसठशीत, आणि हा पिशाच्च लगबगीने पेटी घेऊन चाललेला. प्रेक्षक हसले. शेवटी पहाटेच्या उन्हाने तो विरून जातो तेव्हा मागून एकाने मोठ्याने विचारलं, “मग मघाशी उन्हात कसा फिरत होता?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

उत्तर नंतर सापडलं. त्या काळच्या फिल्मवर रात्री बाहेर चित्रण करणं फार अवघड होतं. म्हणून दिवसा चित्रण करून प्रिंट रंगात बुडवून काढत. निळा रंग म्हणजे रात्र, पिवळट म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. १९२२ च्या प्रेक्षकाला ही भाषा पाठ होती. पुढे प्रतीवरून प्रत, प्रतीवरून प्रत काढताना रंग गळून गेले आणि ऑर्लोक भर दुपारी फिरू लागला. पुढे एका जुन्या फ्रेंच प्रिंटचा आधार घेऊन रंगांसकट चित्रपट पुन्हा उभा केला गेला. काही वर्षांनी आम्ही तो योग्य वेगात दाखवला. तोच रस्ता, तीच पेटी, पण या वेळी सगळं निळं. कोणी हसलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी तेवढा वेळ हातातली पर्स घट्ट धरून ठेवली होती.

प्रतींची एवढी आबाळ का झाली, तेही कार्यक्रमाआधी जरूर सांगा. प्राना फिल्म या कंपनीने ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून हा चित्रपट काढला, पण हक्क घेतले नाहीत. स्टोकरची विधवा पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेली. कंपनीचं दिवाळं वाजलं. १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. ज्या प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या त्यांच्या जोरावर चित्रपट तगला. आणि ज्या गोष्टीसाठी आपण त्याचे सगळ्यांत जास्त ऋणी असावं, ती मूळ कादंबरीत नाहीच: उन्हाने पिशाच्च मरतो हा नियम. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाढवळ्या फिरतो. त्याचा शेवट होतो तो सुऱ्यांनी, आणि तोही सूर्य मावळता मावळता. मुर्नाऊच्या चित्रपटात सूर्य उगवताना. तेव्हा १५ मार्च हा एका चित्रपटाचा वाढदिवस आहेच, पण आज शाळकरी पोरालाही ठाऊक असलेल्या एका नियमाचाही आहे.

‘ड्रॅक्युला’ कादंबरीच्या तर तीन तारखा आहेत. पिवळ्या कापडी बांधणीतलं पुस्तक आलं २६ मे १८९७ रोजी. रूढ वर्धापनदिन हाच. त्याच्या आठ दिवस आधी, १८ मे रोजी, लंडनच्या लायसियम नाट्यगृहात या कथेचं जाहीर वाचन झालं होतं. स्टोकर तिथे व्यवस्थापक होता. नाट्यहक्क आपल्याकडे राहावेत म्हणून त्याने पुस्तकाच्या छापील कागदांचे तुकडे चिकटवून, मधे हाताने मजकूर भरून घाईघाईने संहिता तयार केली होती. म्हणजे ड्रॅक्युला पहिल्यांदा लोकांसमोर आला तो एका कायदेशीर सोपस्कारासाठी. माझ्या मते ही तारीख टिपून ठेवावी, साजरी करू नये.

साजरी करायची तर तिसरी तारीख करा: ३ मे. ही कथेतली तारीख आहे. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा आणि कात्रणं यांची बनलेली आहे. पहिली नोंद ३ मेची, आणि पाठलाग संपतो ६ नोव्हेंबरला. त्या-त्या नोंदी त्या-त्या दिवशी वाचायच्या, असं करून बघा. पुस्तकात नोंदी काटेकोर तारखेनुसार लावलेल्या नाहीत, त्यामुळे पानं मागेपुढे करावी लागतात, पण त्यातच मौज आहे. १९ मेच्या नोंदीत काउंट ड्रॅक्युला आपल्या वाड्यात आलेल्या जोनाथन हार्कर या तरुण इंग्रज वकिलाकडून तीन पत्रं आगाऊ लिहवून घेतो आणि त्यांवर १२, १९ आणि २९ जून अशा तारखा घालायला लावतो. जोनाथनला कळतं की २९ जूननंतर आपण जिवंत असणं अपेक्षित नाही. पुस्तक सरळ वाचत गेलं तर पुढचं त्याच्याच कैदेचं प्रकरण समोर येतं. तारखेने वाचलं तर २४ मेला इंग्लंडातल्या ल्यूसी या तरुणीचं पत्र येतं: एका दिवसात तिला तिघांनी लग्नाची मागणी घातली आहे आणि ती आनंदाने, थोड्या अपराधीपणाने मैत्रिणीला ते कळवते आहे. तिकडे हा वाड्यात अडकून मरणाची तारीख मोजतोय आणि इकडे ही लग्नाच्या विचारात. हा ताण स्टोकरने कथेच्या पोटात दडवून ठेवला आहे. तो तारखेने वाचल्याशिवाय हाताला लागत नाही. आमच्या वाचनगटाने हे पूर्ण केलं त्या वर्षी गळती जवळजवळ झालीच नाही.

‘फ्रँकेन्स्टाइन’ १ जानेवारी १८१८ ला आलं, तीन खंडांत, अवघ्या ५०० प्रती. लेखिकेचं नाव नव्हतं. मेरी शेली तेव्हा वीस वर्षांची होती आणि प्रस्तावना तिचा नवरा पर्सी शेली याने लिहिली होती. आज दुकानात जे पुस्तक बहुधा मिळतं ते मात्र १८३१ च्या सुधारित आवृत्तीचं असतं. फरक लहान नाही. १८१८ मध्ये एलिझाबेथ ही राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आतेबहीण आहे. १८३१ मध्ये ती दत्तक घेतलेली अनाथ मुलगी होते. पहिल्या आवृत्तीतला व्हिक्टर स्वतः निवड करतो, दुसऱ्या आवृत्तीत नियतीचा हात जास्त जाणवतो. आणि जिनिव्हाजवळच्या बंगल्यात कवी बायरनने प्रत्येकाला भुताची गोष्ट लिहायला सांगितली, मग मेरीला अर्धवट झोपेत ते दृश्य दिसलं, ही सगळ्यांना ठाऊक असलेली हकीकत मेरीने तपशिलात सांगितली ती १८३१ च्या प्रस्तावनेत. तुम्ही जानेवारीत वाचणार असाल तर १८१८ चाच पाठ शोधा. तो मिळतो, थोडं बघावं लागतं.

त्या बंगल्यातल्या मुक्कामालाही एक तारीख आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा झालाच नाही, सतत पाऊस आणि गारठा. म्हणून ही मंडळी घरात कोंडली गेली. मेरीने लिहून ठेवलं आहे की ते दृश्य दिसलं तेव्हा झडपांमधून चांदणं आत येत होतं. टेक्सासमधल्या खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राची त्या दिवसांतली स्थिती आणि खिडकीसमोरचा डोंगर यांचं गणित मांडून १६ जून १८१६ च्या पहाटे दोन ते तीनची वेळ काढली. त्याच बैठकीतून बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी याची ‘द व्हँपायर’ ही कथा निघाली. ती १८१९ मध्ये छापली गेली, पण बायरनच्या नावावर. म्हणजे इथेही पहिल्या वाचकांच्या हातात चुकीचं नाव असलेलाच मजकूर पडला.

आणि १६ जून ही तारीख आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. १९६० साली याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये हिचकॉकचा ‘सायको’ लागला. तेव्हा अमेरिकेत लोक चित्रपटगृहात केव्हाही शिरत, मधूनच बघायला लागत आणि पुढच्या खेळात सुरुवातीचा भाग पाहून उठून जात. हिचकॉकने सुरुवात झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला. कारण उघड आहे: जॅनेट ली ही चित्रपटाची मोठी तारका, आणि ती पाऊण तासाच्या आसपास मरते. उशिरा आलेला माणूस शेवटपर्यंत तिची वाट बघत बसला असता. तो न्हाणीघरातला प्रसंग चित्रित करायला सात दिवस लागले. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, सुरीच्या घावांचा आवाज खरबुजावर सुरी मारून काढला. हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं; संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही ते लिहिलं, फक्त तंतुवाद्यांसाठी, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. तुम्ही ‘सायको’ दाखवणार असाल तर एवढं करा: दार वेळेवर बंद करा, नंतर कोणालाही आत घेऊ नका. वर्धापनदिन पाळण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

१९३१ च्या दोन चित्रपटांविषयी थोडक्यात. ‘ड्रॅक्युला’ १२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या रॉक्सी चित्रपटगृहात लागला. त्याच सेटवर रात्रीच्या पाळीत दुसऱ्या कलाकारांना घेऊन स्पॅनिश आवृत्ती काढली होती, आणि कॅमेऱ्याच्या हालचालीत ती मला उजवी वाटते. ‘फ्रँकेन्स्टाइन’ नोव्हेंबरातला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे फक्त प्रश्नचिन्ह होतं. बोरिस कार्लोफचं नाव शेवटी येतं. त्यात तळ्याकाठी एक लहान मुलगी राक्षसाबरोबर फुलं पाण्यात सोडते आहे. फुलं संपतात. फुलं तरंगली तशी ही पण तरंगेल असं वाटून तो तिला उचलून पाण्यात टाकतो आणि ती बुडते. त्याला काय झालं ते कळत नाही, तो घाबरून पळतो. सेन्सॉरने तिला उचलण्याच्या आधीच दृश्य तोडलं. परिणाम भलताच झाला: राक्षसाचे हात मुलीकडे जातात, दृश्य तुटतं, आणि पुढे बाप मुलीचं प्रेत घेऊन गावात येतो. मधलं प्रेक्षकाने मनात भरायचं, आणि मन नेहमी वाईटच भरतं. कित्येक पिढ्यांनी हेच पाहिलं. कापलेला तुकडा १९८० च्या दशकात परत जोडला गेला. दोन्ही चित्रपटांची शंभरी २०३१ मध्ये आहे, तेव्हा आत्ताच घाई करू नका, पण दाखवाल तेव्हा हे दृश्य दोन्ही तऱ्हांनी दाखवा.

‘द एक्झॉर्सिस्ट’ आणि ‘द शायनिंग’ यांचीही तीच गत. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये मुलगी उलट्या अंगाने, कोळ्यासारखी जिना उतरते, ते दृश्य अनेकांना आठवतं. पण चित्रपट लागला त्या दिवशी, २६ डिसेंबर १९७३ रोजी, ते कोणीच पाहिलं नव्हतं, ते २००० सालच्या आवृत्तीत आलं. उलट २३ मे १९८० ला ‘द शायनिंग’ लागला तेव्हा शेवटी रुग्णालयातला एक छोटा प्रसंग होता. दिग्दर्शक कुब्रिकने काही दिवसांतच तो काढून टाकायला लावला. त्या मोजक्या खेळांना गेलेल्यांनी जो शेवट पाहिला तो नंतर कोणाला बघायला मिळाला नाही.

काही टप्प्यांना तारीखच लावता येत नाही. १९४२ च्या डिसेंबरात आलेल्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेने चालली आहे. टाचांचा आवाज. मागे दुसऱ्या टाचांचा आवाज. मग मागचा आवाज थांबतो. ती वळते, कोणी नाही, चाल वाढते, आता झडप पडणार असं वाटतं, आणि श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज करत एक बस चौकटीत घुसते. बस, बाकी काही नाही. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावावरून असल्या धक्क्याला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. हा शोध लागला संकलनाच्या टेबलावर, कुठल्या दिवशी ते कोण सांगणार. असा कार्यक्रम कुठल्याही रिकाम्या महिन्यात बसवा.

ऑक्टोबर मात्र रिकामा ठेवू नका आणि ३१ तारखेच्या मोहातही पडू नका. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन चित्रपटगृहात जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ लागला. चालत्या प्रेतांचा आजचा सगळा संसार इथून सुरू होतो, तरी त्यात ‘झाँबी’ हा शब्द एकदाही येत नाही. चित्रपटाचं आधीचं नाव वेगळं होतं. वितरकाने नाव बदलताना शीर्षकाची पाटी बदलली, आणि जुन्या पाटीवर असलेली स्वामित्वहक्काची ओळ नव्या पाटीवर टाकायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एवढ्यावरून चित्रपट पहिल्याच दिवसापासून सगळ्यांचा झाला. कोणीही प्रत काढावी, कोणीही दाखवावी. रोमेरो आणि त्याच्या सोबत्यांचं मोठं नुकसान झालं, ते मला आजही लागतं. पण चित्रपट जगभर पसरला तोही त्यामुळेच. याच्या प्रती ढिगाने मिळतील आणि त्यातल्या बऱ्याच धुरकट, चिरलेल्या असतील. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मूळ निगेटिव्हवरून २०१६ मध्ये केलेली पुनर्निर्मिती घ्या. नायक झालेल्या ड्युएन जोन्सचा चेहरा तिच्यात नीट दिसतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तो नीट दिसणं फार गरजेचं आहे.

राहता राहिले ते चित्रपट ज्यांचा पहिला दिवस साजरा करावा असा नव्हताच. जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ २५ जून १९८२ रोजी आला. दोनच आठवड्यांपूर्वी स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ लागला होता. प्रेक्षकांना प्रेमळ परग्रहवासी हवा होता, रूप बदलून माणसं गिळणारा नको होता. समीक्षकांनी झोडपलं, तिकीटखिडकीवर आपटला. लोकांना तो गवसला तो पुढे घरी, व्हिडिओ कॅसेटवर. ‘तुंबाड’चंही काहीसं असंच झालं. नारायण धारपांच्या एका कथेतून राही बर्वे यांना सुचलेला हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा थोड्या लोकांनी पाहिला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लावला गेला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. अशा चित्रपटांची कुठली तारीख धरायची? मी दुसरी धरतो, जिथे चित्रपटाला त्याचा प्रेक्षक भेटला ती. ‘तुंबाड’साठी ती सरळ मिळते. ‘द थिंग’साठी कॅलेंडरवर असा एक दिवस नाही, पण दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन संशोधन केंद्रातल्या मंडळींनी तो आपल्यापुरता ठरवला आहे. हिवाळ्याआधीचं शेवटचं विमान निघून गेलं, आता महिनोन्‌महिने कोणी येणार नाही आणि कोणी जाणार नाही, हे नक्की झालं की ती सगळी एकत्र बसून ‘द थिंग’ बघतात.